‘बॉडी बांधणे’ : हातबांधणीची आलिशान मोटार आणि उत्तर कोकणातील यानकारागिरी

वसई भागातील गास हे गाव सोपाऱ्याच्या पश्चिमेस, लोहमार्ग आणि समुद्र यांच्या दरम्यानच्या बागायती पट्ट्यात वसलेले आहे. शेजारी भुईगाव व निर्मळ, थोडे उत्तरेस आगाशी. केळी, विड्याची पाने, भाजीपाला व फुले यांच्या वाड्या, त्यांना पाणी पुरविणाऱ्या विहिरी व बावखले, आणि हा माल मुंबईच्या बाजारात पोचविण्यासाठी रेल्वेपर्यंत नेण्याची नित्याची गरज, अशी या गावाची व त्याच्या शेजाऱ्यांची जुनी आर्थिक घडी होती. या घडीत दोन लाकडी चाकांना महत्त्व होते : एक विहिरीवरील रहाटाचे व दुसरे बैलगाडीचे. दोन्ही चाके सुताराच्याच हातची. अशा परिसराचा आणि लंडनच्या कारखान्यात राजेमहाराजांसाठी बांधल्या जाणाऱ्या मोटारीचा काही संबंध असेल, हे सकृद्दर्शनी कोणास पटणार नाही. परंतु ज्या कारागिरीतून तशी मोटार निर्माण झाली तिची घटकद्रव्ये, म्हणजे वाकविलेले व खाचा पाडून जोडलेले लाकूड, ठोकून गोलाई दिलेला पत्रा, शिवलेले चामडे आणि घासून चढविलेला रंग, ही या किनाऱ्यावर व त्याच्या पाठीमागच्या घाटमाथ्यावर परकी नव्हती. मग तशी मोटार येथे का बांधली गेली नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. आणि त्याचे उत्तर काही अंशी भाषेच्या साक्षीवरून देता येते.

प्रथम ‘हातबांधणीची मोटार’ म्हणजे नेमके काय, हे स्पष्ट करणे अवश्य आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उंची मोटार ही एका कारखान्याची निर्मिती नसे. रोल्स-रॉइस किंवा मेबॅक यांसारखा कारखाना इंजिन, चाके व सांगाडा एवढेच तयार करी. या सांगाड्याला फ्रेंच भाषेतून आलेला ‘शॅसी’ हा शब्द रूढ झाला, त्याचा मूळ अर्थ चौकट. गिऱ्हाईक हा उघडा सांगाडा विकत घेई आणि तो दुसऱ्या एखाद्या कारखानदाराकडे पाठवून त्यावर आपल्या पसंतीचे अंग चढवून घेई. हे अंग बांधणारे कारखानदार मोटारींच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून घोड्यांच्या गाड्या बांधीत आले होते. लंडनची बार्कर ही पेढी १७१० सालची, थ्रप अँड मेबर्ली १७६० सालची आणि हूपर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. मोटार आली तेव्हा या पेढ्यांनी घोडा काढला आणि इंजिन लावले, एवढेच म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होईल. पण त्यांच्या सुतारशाळेत, रंगशाळेत आणि गादीकामाच्या दालनात पहिली काही वर्षे फारसा फरक पडला नाही, हे मात्र खरे.

इंग्रजी परिभाषेने ही परंपरा जशीच्या तशी जपली आहे. ‘कोच’ हा शब्द हंगेरीतील कोच नावाच्या गावावरून निघाला. तेथे बनणाऱ्या गाड्यांनी युरोपभर नाव मिळविले होते. ‘लँडो’ हे जर्मनीतील गाव, ‘ब्रूम’ हे एका ब्रिटिश मुत्सद्द्याचे नाव, ‘फेटन’ हा सूर्याचा रथ हाकण्याचे साहस करणारा ग्रीक पुराणातील तरुण. ‘सेडान’ हे तर मुळी चाकांचे वाहनच नव्हते. ती माणसांनी खांद्यावर वा हातांत उचलून न्यावयाची बंद खुर्ची होती, आपल्याकडील मेण्याची पाश्चात्त्य बहीणच म्हणावयाची. मोटारचालकासमोरची फळी ‘डॅशबोर्ड’ म्हणविते, कारण घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अडविण्यासाठी ती प्रथम गाडीला लावली गेली. घोडे गेले, चिखलही गेला, शब्द राहिला.

या कारागिरीची कृती थोडक्यात अशी. गाडीचा आराखडा प्रथम भिंतीवरच्या मोठ्या फळ्यावर पूर्ण मापात काढीत, लहान प्रमाणात नव्हे. त्या रेषांवरून पातळ फळीचे नमुने कापीत व त्या नमुन्यांवरून सांगाड्याचे लाकूड. लाकूड मुख्यतः ॲश या जातीचे, वर्षानुवर्षे वाळविलेले. कारण ते चिवट असते, लवचिक असते आणि खिळा धरून ठेवते. लाकडी सांगाडा उभा राहिला की त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवीत. सपाट पत्र्याला गोलाई आणण्यासाठी तो वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने ठोकीत आणि मग दोन लोखंडी चाकांच्या मधून पुन्हा पुन्हा फिरवीत, तोवर की ठोक्यांच्या खुणा बुजून पृष्ठभाग आरशासारखा व्हावा. या कामात मापाची पट्टी फारशी उपयोगी पडत नाही. कारागीर तळहात फिरवूनच उंचवटा ओळखतो. नंतर रंग. जुन्या पद्धतीत अस्तर, भरणी, पाणी व झांव्याच्या दगडाने घासणी, रंगाचे अनेक हात आणि शेवटी रोगण, असे एकावर एक थर चढत आणि प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबावे लागे. एका गाडीला त्यासाठी कित्येक आठवडे लागत. धूळ बसू नये म्हणून रोगण देण्याच्या खोलीची जमीन ओली ठेवीत. १९२४ च्या सुमारास झटपट वाळणारे सेल्युलोजचे रंग प्रचारात आले तेव्हा कारखानदारीच्या दृष्टीने मोटारीच्या इतिहासातील एक मोठी अडचण दूर झाली. परंतु त्या जुन्या थरांची खोली नव्या रंगाला आली नाही, अशी तक्रार जाणकार करीत राहिले.

आता हीच कृती मराठी प्रदेशातील कारागिरीशी ताडून पाहावी. बैलगाडीचे चाक हे त्यातील सर्वांत कठीण काम. मधला तुंबा, त्यात बसविलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर घेराचे वाकडे तुकडे आणि या सर्वांना आवळणारी लोखंडी धाव. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवीत. ती भट्टीत लाल होईतो तापवून, फुगलेल्या अवस्थेत चाकावर चढवून, वरून पाणी ओतीत. थंड होताना ती आकुंचन पावे आणि सर्व सांधे एकमेकांत घट्ट बसत. किती लहान ठेवावयाची, हे लोहाराच्या अंदाजाचे काम. धाव ढिली पडली तर चाक उन्हाळ्यात खिळखिळे होई. फार आवळली तर आरे मोडत. इंग्लंडातील गाडीवाला सुतार याच रीतीने चाक बांधी. फरक एवढाच की तो तुंब्याला एल्म, आऱ्यांना ओक व घेराला ॲश वापरी, तर येथे बाभूळ, खैर, साग ही लाकडे जागेनुसार वापरीत.

पत्रा ठोकण्याची कला तांबटांची. पुण्यातील तांबट आळीत तांब्या-पितळेच्या भांड्यांना ठोकून घाट देण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्यातील ‘मठारणे’ ही क्रिया, म्हणजे हातोड्याच्या बारीक, सारख्या ठोक्यांनी धातू आवळणे व त्याला झळाळी आणणे, ही मोटारीचा पत्रा ठोकणाऱ्याच्या कामाशी अगदी जवळची आहे. हंड्याची कूस आणि मोटारीच्या चिखलपट्टीची कमान यांत भूमितीच्या दृष्टीने फारसा भेद नाही. गादी व चामड्याचे काम जिनगरांचे; ‘जीन’ म्हणजे खोगीर, त्यावरूनच त्यांचे नाव. रंगकामासाठी सावंतवाडीच्या चिताऱ्यांचे लाखकाम उदाहरणादाखल घ्यावे. सुतार, लोहार, तांबट, जिनगर, चितारी : उंची मोटारीच्या कारखान्यातील प्रत्येक दालनाला येथे एकेक जात होती.

नेमका येथेच घोटाळा आहे. लंडनच्या कारखान्यात ही दालने एका छपराखाली व एका मुख्य कारागिराच्या देखरेखीखाली होती. येथे ती वेगवेगळ्या आळ्यांत होती, आणि आळी ओलांडणे म्हणजे जात ओलांडणे. वैदिक वाङ्मयातील ‘रथकार’ या शब्दाची कथा या संदर्भात उद्‌बोधक आहे. वर्षाऋतूत रथकाराने अग्न्याधान करावे असे वचन आहे. मीमांसकांपुढे प्रश्न आला की रथकार म्हणजे रथ करणारा कोणीही त्रैवर्णिक, की त्या नावाची एक स्वतंत्र जात? जैमिनीय परंपरेने दुसरा पक्ष स्वीकारला. रूढार्थ हा व्युत्पत्तीने मिळणाऱ्या अर्थाहून बलवत्तर असतो, हा न्याय त्या अधिकरणाच्या आधारे सांगितला जातो. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो शब्दार्थविचार म्हणून परिचित आहे. पण सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात असे सुचविले गेले आहे की ‘रथ करणे’ हे कर्म मागे पडून ‘रथकार असणे’ हे जन्माचे लक्षण पुढे आले होते. कर्माच्या नावाचे जातीच्या नावात रूपांतर झाल्यावर निरनिराळ्या कर्मांचा संयोग घडविणे अवघड होते.

असा संयोग पश्चिम किनाऱ्यावर ज्या एका ठिकाणी निश्चितपणे घडला, ते ठिकाण म्हणजे जहाजाची गोदी. म्हणून गासच्या शेजारच्या आगाशीकडे वळावयास हवे. सोळाव्या शतकाच्या आरंभी आगाशी हे इमारती लाकडाच्या व्यापाराचे आणि जहाजबांधणीचे मोठे बंदर होते. १५३० साली पोर्तुगीजांनी ते लुटून जाळले, त्यामागे गुजरातच्या सुलतानाचे आरमारी सामर्थ्य मोडण्याचा हेतू होता. बांधणीच्या जागेवर घाव घातला की आरमारावर घाव बसतो, हे त्यांना ठाऊक होते. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिली. या दोनशे वर्षांत ठाण्याच्या जंगलातील साग खाड्यांच्या वाटेने खाली येत राहिला आणि त्यावर काम करणाऱ्यांच्या बोलीत पोर्तुगीज शब्द शिरले. मराठीतील ‘मेस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला असे मानतात, दाराची ‘बिजागरी’ व कुलपाची ‘चावी’ हीही त्याच घराण्यातील. मेस्त्री हा शब्द येथे विशेष महत्त्वाचा आहे. सुतार, लोहार ही जातींची नावे. मेस्त्री हे जातीचे नाव नव्हे. ज्याच्या हाताखाली इतर कामकरी आहेत, जो काम वाटून देतो आणि सांध्याला जबाबदार असतो, तो मेस्त्री. अनेक कसबांच्या संयोगाला लागणारा हा पद-वाचक शब्द गोदी व इमारत यांच्या कामातून मराठीत रुजला असावा, असे अनुमान करावयास जागा आहे.

हीच व्यवस्था अधिक मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या गोदीत दिसते. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले आणि त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे त्या घराण्यातील मुख्य बांधणीदारांनी गोदी चालविली. १८१० मधील ‘मिंडेन’, १८१३ मधील ‘कॉर्नवॉलिस’ ही ब्रिटिश आरमाराची जहाजे त्यांच्या हातची; १८४२ चा नानकिंगचा तह ‘कॉर्नवॉलिस’वर झाला. १८१७ साली पाण्यात सोडलेली ‘ट्रिंकोमाली’ ही इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभी आहे. सागवानी लाकूड टिकाऊ, हे या दीर्घायुष्याचे एक कारण. दुसरे कारण बांधणीत होते. येथील कारागीर फळीच्या कडेला खाच पाडून तीत शेजारच्या फळीची कड बसवीत, नुसती कडेला कड लावीत नसत, त्यामुळे सांधा पाणी धरीत नसे. उंची मोटारीच्या लाकडी सांगाड्यात खिळ्यावर भरवसा न ठेवता खाचेवर भरवसा ठेवण्याची जी रीत दिसते, ती याच जातीची. पूर्ण मापाचा आराखडा काढून त्यावरून नमुने कापण्याची पद्धतही जहाज आणि मोटार या दोघांना समान आहे. गोदीत तो जमिनीवर काढीत, गाडीच्या कारखान्यात भिंतीवर. वाडियांची नावे इतिहासाने जपली, ते योग्यच झाले. त्यांच्या हाताखालच्या शेकडो सुतारांची नावे मात्र मागे राहिली नाहीत, आणि मोटारीच्या बाबतीतही हाच प्रकार आहे : दाराखालच्या पट्टीवर पेढीचे नाव असते, पत्रा ठोकणाऱ्याचे नसते.

जहाजापासून मोटारीपर्यंतच्या वाटेवर मधला टप्पा घोडागाडीचा. मराठी प्रदेशात हलक्या व डौलदार बैलगाड्यांची परंपरा जुनी होती. दमणी, रेंगी, छकडा ही त्यांची नावे आजही जुन्या माणसांच्या तोंडी आढळतात. एकोणिसाव्या शतकात मुंबईत बग्गी, फेटण, व्हिक्टोरिया आल्या. त्यांच्याबरोबर ‘शिग्राम’ नावाची एक बंद गाडीही मुंबईच्या रस्त्यांवर होती. हा शब्द इंग्रजांनी उचलला आणि १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशाने त्याचा संबंध मराठी-संस्कृत ‘शीघ्र’शी जोडला. युरोपीय धर्तीच्या वाहनाला देशी धातूवरून नाव मिळाल्याचे हे विरळ उदाहरण होय. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची आवडती गाडी ‘खडखडा’ म्हणून प्रसिद्ध होती. तेथे तर व्युत्पत्तीचीही गरज नाही, गाडीने आपले नाव आपणच उच्चारले. नाव देण्याची ही उमेद बांधणाऱ्यांच्या आत्मविश्वासाची निदर्शक आहे. जी वस्तू गावात बांधली जाते, दुरुस्त होते, तिला गाव आपल्या भाषेत नाव देते.

मोटारीला तसे नाव मिळाले नाही. मुंबईत पहिल्या मोटारी १८९८ मध्ये आल्या. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटीची शर्यत झाली. तीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या रोल्स-रॉइसने घाट चढून विश्वासार्हतेचा मान मिळविला आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली. या शर्यतीने संस्थानिकांच्या मनावर जो ठसा उमटविला तो उंची मोटारींच्या व्यापाराला फार उपकारक ठरला. ग्वाल्हेर, बडोदे, कोल्हापूर ही मराठी संस्थाने. त्यांच्या पदरी रथ, पालख्या, अंबाऱ्या बांधणारे व सजविणारे कारागीर पिढीजात होते. कोल्हापूरची मेबॅक दसऱ्याच्या सोहळ्यात आजही लोकांना पाहावयास मिळते, आणि तिच्यासमोर उभे राहिल्यावर हा विरोध विशेष जाणवतो : पालखी गावची, मोटार परदेशची, आणि दोन्ही एकाच मिरवणुकीत. आश्रयदाते होते, कसब होते, द्रव्यही होते. पण मोटार विकत घेताना संस्थानिक केवळ वाहन घेत नव्हते; ते लंडनच्या पेढीचे नाव घेत होते. जी पेढी इंग्लंडच्या राजाची गाडी बांधते तिनेच आपलीही बांधावी, या इच्छेपुढे घरच्या सुताराचा सांधा कितीही चांगला असला तरी त्याचा निभाव लागणे शक्य नव्हते. कारागिरीच्या ऱ्हासाची चर्चा करताना यंत्राला दोष देण्याची आपल्याकडे सवय आहे. येथे दोष यंत्राचा नाही, कारण विलायती पेढीतही काम हातानेच होत होते.

याचा परिणाम परिभाषेवर झाला. टायर, एक्सल, गिअर, बोनेट हे शब्द वस्तूबरोबर जसेच्या तसे आले. आरे, आस, धाव, कुणी हे शब्द बैलगाडीपाशी थांबले. परिभाषाकारांनी स्टिअरिंगला जहाजाचा ‘सुकाणू’ देऊ केला. तो पुस्तकांत राहिला, रस्त्यावर आला नाही. तरीही दुरुस्तीच्या दुकानात कान देऊन ऐकले तर चित्र इतके एकरंगी नाही असे आढळते. गाडीच्या छपराला ‘टप’ म्हणतात, तो घोडागाडीचा टप. कमानीच्या पट्ट्या ‘पाटे’ म्हणविल्या जातात. तेल-चरबीला ‘वंगण’ हा शब्द अजून चालतो. सर्वांत मनोरंजक शब्द ‘डिकी’. इंग्लंडात मोटारीच्या पाठीमागच्या सामानाच्या कप्प्याला ‘बूट’ म्हणतात, अमेरिकेत ‘ट्रंक’. मराठीत, किंबहुना सर्व भारतीय भाषांत, ती ‘डिकी’. मूळ इंग्रजीत हे घोडागाडीवरील उघड्या बैठकीचे नाव : आधी गाडीवानाची, मग पाठीमागे बसणाऱ्या नोकराची, आणि नंतर मोटारीतील घडीच्या मागील आसनाची. इंग्लंडने तो शब्द टाकून दिला, येथील कारागिराने तो जपून ठेवला. ‘स्टेपनी’चीही तीच गत : वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ च्या सुमारास निघालेल्या जादा चाकाच्या कारखान्याचे नाव तिकडे विस्मृतीत गेले, इकडे ते खेड्यापाड्यांतील पोरांच्याही तोंडी आहे. ज्यांच्या हाती वस्तू दीर्घकाळ टिकते त्यांच्या तोंडी तिचे शब्दही दीर्घकाळ टिकतात. येथील मोटारी परदेशातल्यापेक्षा अनेक वर्षे अधिक चालविल्या गेल्या, हे सर्वविश्रुत आहे. मुंबईच्या टॅक्सीच्या रूपाने कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील पद्मिनी तिचे उत्पादन बंद झाल्यानंतरही २०२३ पर्यंत धावत होती.

नामांपेक्षा क्रियापद अधिक बोलके आहे. मराठीत भांडे ‘घडवितात’, मूर्तीही ‘घडवितात’, कापड ‘विणतात’. पण घर, पूल, गलबत हे ‘बांधतात’. जेथे अनेक सुटे अवयव जोडून पोकळी निर्माण करावयाची असते तेथे भाषा ‘बांधणे’ वापरते. मोटारीच्या संदर्भात, ‘बॉडी’ हा शब्द परका, परंतु ट्रकमालक म्हणतो, ‘बॉडी बांधून घेतली’. घडविली नव्हे, तयार केली नव्हे; बांधली. गलबताचे क्रियापद सरळ मोटारीला लागले आहे. आणि हे केवळ शब्दाचे संक्रमण नाही. ट्रकच्या बाबतीत आपल्याकडे दीर्घकाळ जी रीत चालत आली ती तंतोतंत जुन्या उंची मोटारीची रीत आहे. कारखान्यातून उघडा सांगाडा निघतो, चालक डोक्याला फडके बांधून तो शेकडो मैल हाकीत नेतो, आणि मालकाच्या पसंतीच्या दुकानात त्यावर लाकडाचा साटा, पत्रा, रंग, नक्षी व देवाचे नाव चढते. सुतार, लोहार, पत्रेवाला, गादीवाला, रंगारी हे येथे एका आवारात, एका मेस्त्रीच्या हाताखाली काम करतात, आणि जातीची आळी मोडलेली असते. जो संयोग राजवाड्याच्या आवारात घडला नाही तो हमरस्त्याच्या कडेला घडला.

राज्य परिवहनाचा इतिहासही याच प्रकारचा आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर निघालेल्या पहिल्या गाडीचे अंग लाकडी होते व छप्पर कापडी. पुढे महामंडळाने दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील आपल्या कार्यशाळांत विकत घेतलेल्या सांगाड्यांवर स्वतः गाड्या बांधल्या. या बसगाड्यांना कोणी आलिशान म्हणणार नाही. तरी सांगाडा एकाचा आणि अंग दुसऱ्याचे, हे जुन्या पेढ्यांचे तत्त्व त्यांत अबाधित राहिले, आणि तेही नेमके त्या काळात, जेव्हा ते युरोपात संपत होते. बार्कर १९३८ मध्ये हूपरच्या ताब्यात गेली, हूपरने १९५९ मध्ये गाड्या बांधणे थांबविले. १९४९ पासून रोल्स-रॉइस स्वतःच पोलादी अंगाच्या गाड्या विकू लागली होती. १९६५ च्या ‘सिल्व्हर शॅडो’त सांगाडा आणि अंग एकजीव झाले, आणि वेगळे अंग चढविण्यास जागाच उरली नाही. आज गुडवुड येथील कारखान्यात, जो २००३ पासून चालू आहे, गाडीच्या कुशीवरची बारीक रेघ खारीच्या केसांच्या कुंचल्याने हातानेच ओढतात; मालव्हर्न येथील मॉर्गनच्या गाड्यांच्या अंगात अजून ॲशचे लाकूड असते. ते कौतुकास्पद आहे. तथापि पहिल्या उदाहरणात हाताचे काम अलंकाराच्या पातळीवर आले आहे, दुसऱ्यात ते अजून भार वाहते, हा भेद विसरता कामा नये. हातबांधणी या शब्दाची आज जाहिरातीत जी उधळण होते तिच्यात दोन्ही सरमिसळ होतात.

जुन्या संस्थानी मोटारी पूर्ववत करण्याचे काम सध्या मुंबई-पुण्यात चालते, त्यात पत्रा ठोकणारे, ‘लांबी’ भरून घासणारे, आसनांचे चामडे शिवणारे कारागीर बहुतांशी साध्या दुरुस्तीच्या दुकानांतून तयार झालेले आहेत. लंडनच्या पेढीने नव्वद वर्षांपूर्वी बसविलेला लाकडी खांब कुजला म्हणजे तो काढून त्याच खाचांचा नवा खांब येथला सुतार सागवानात करून बसवितो. ॲश सोडून साग वापरल्याबद्दल शुद्धतावादी नाके मुरडतात. पण ‘ट्रिंकोमाली’चे उदाहरण डोळ्यांसमोर असता या हवेत साग अधिक टिकेल, हे सांगण्यास पंडिताची गरज नाही.

अलीकडच्या काळात याच किनाऱ्यावर हाताने मोटार बांधण्याचे एक-दोन स्वतंत्र प्रयत्नही झाले : गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनी गाडी निघाली आणि त्यानंतर अलिबागजवळ ‘चिंकारा’ नावाच्या उघड्या गाड्या अल्प संख्येने तयार झाल्या. दोहोंचे अंग लाकडाचे वा पत्र्याचे नव्हते, फायबरचे होते. या पद्धतीत साच्यात काचतंतूंचे थर राळेने एकावर एक बसवितात आणि अंग अखंड बाहेर काढतात. सांधा राहत नाही, म्हणून खाचही राहत नाही. गाडी हाताचीच, पण तिच्या अंगाला ‘बांधणे’ हे क्रियापद लावताना जीभ अडखळते. कामगार ‘साच्यातून काढली’ असे म्हणेल. समुद्रावर हा बदल आधीच होऊन चुकला आहे. कोकणच्या बंदरांत लाकडी होडीवर पातळ कवच चढवून घेतात, त्याला मच्छीमार ‘फायबर मारणे’ म्हणतात, आणि कित्येक होड्या तर मुळापासूनच साच्यातून निघतात. आगाशीच्या गोदीचे क्रियापद खुद्द होडीपाशी आज कितपत उरले आहे, हे उत्तर वसईतील बोलींच्या अभ्यासकाने अर्नाळा व पाचूबंदर येथे जाऊन, होडीवाल्यांच्या तोंडून ऐकून नोंदवावयास हवे.